अनिवासी करदात्याची ई-सही : फॉर्म ८८७९ कसा वाचावा आणि त्यावर सही कशी करावी

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या माणसाला पहिल्याच वर्षी, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, कर-सल्लागाराकडून एक मेल येतो. तुमचे रिटर्न तयार आहे, सोबतच्या फॉर्म ८८७९ वर सही करा, म्हणजे आम्ही ते पाठवून देऊ, एवढाच त्यातला मजकूर असतो. दुवा उघडला की सहीची जागा आधीच रंगवून ठेवलेली दिसते, तिथे नाव टाइप करायचे, पुढच्या चौकटीत पाच अंक भरायचे आणि बटण दाबायचे. सगळे मिळून अर्ध्या मिनिटाचे काम असते. त्या अर्ध्या मिनिटात आपण काय लिहून दिले, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसते. रिटर्न मी तपासले आहे, ते माझ्या माहितीप्रमाणे खरे, बरोबर आणि पूर्ण आहे, आणि ते माझ्या नावाने पाठवण्याचा अधिकार मी अमुक संस्थेला देत आहे, असे आपण खोट्या साक्षीच्या शिक्षेची जाणीव ठेवून लिहून दिलेले असते. रिटर्न सल्लागाराने भरले तरी ही सही आपली असते आणि त्यात चूक झाली तर तिचे उत्तरही आपल्यालाच द्यावे लागते.

मी न्यू जर्सीत राहते आणि नव्याने आलेल्या मराठी विद्यार्थ्यांना त्यांचे रिटर्न शेजारी बसून समजावून देते. रिटर्न भरून देणे हा माझा व्यवसाय नाही. पण सही करण्यापूर्वी काय पाहायचे, हे सांगण्याची वेळ दर वर्षी येते. ते सगळे एका जागी असावे म्हणून हा लेख लिहिला आहे.

पहिली पायरी : आपण कोणत्या अर्थाने अनिवासी आहोत, ते ठरवावे

या एका शब्दाचे अमेरिकेत दोन वेगळे अर्थ होतात आणि नवख्या माणसाचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिला अर्थ केंद्रीय आयकराचा, म्हणजे आयआरएसचा (अमेरिकेच्या केंद्रीय करखात्याचा) आहे. एफ-१ किंवा जे-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याचे अमेरिकेतले दिवस साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षे मोजले जात नाहीत, त्यामुळे तो त्या काळात अनिवासी राहतो आणि त्याने फॉर्म १०४०-एनआर भरायचा असतो. ही वर्षे कॅलेंडरची आहेत, हे लक्षात ठेवावे. डिसेंबर २०२१ मध्ये विमानातून उतरलेल्या विद्यार्थ्याचे पहिले वर्ष २०२१ हेच धरले जाते, मग त्या वर्षात तो इथे दहाच दिवस का असेना. एच-१बी व्हिसावरच्या माणसाचे दिवस मात्र पहिल्या दिवसापासून मोजले जातात. चालू वर्षाचे सगळे दिवस, गेल्या वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाच्या दिवसांचा एक षष्ठांश यांची बेरीज १८३ किंवा अधिक झाली, आणि चालू वर्षात निदान ३१ दिवस भरले, की तो करापुरता निवासी ठरतो.

दुसरा अर्थ राज्याच्या कराचा आहे. एडिसनला किंवा जर्सी सिटीत घर आणि मॅनहॅटनमध्ये नोकरी असलेला मनुष्य आयआरएसच्या दृष्टीने निवासी असेल, कदाचित ग्रीन कार्डधारकही असेल. तरीही न्यू यॉर्क राज्याच्या दृष्टीने तो अनिवासीच असतो आणि तिथे त्याला आयटी-२०३ हा अनिवासी फॉर्म भरावा लागतो. कॅलिफोर्नियात अनिवासी फॉर्मचे नाव ५४०एनआर असे आहे.

हा भेद सहीपर्यंत पोहोचतो. केंद्रीय रिटर्नसाठी ई-सहीचे अधिकारपत्र म्हणजे फॉर्म ८८७९. न्यू यॉर्कसाठी टीआर-५७९-आयटी, न्यू जर्सीसाठी एनजे-८८७९ आणि कॅलिफोर्नियासाठी एफटीबी ८८७९ अशी अधिकारपत्रे निराळी आहेत. केंद्राच्या कागदावर सही केली म्हणजे राज्याचेही काम झाले, असे गृहीत धरू नये. आपल्याला किती राज्यांचे रिटर्न भरायचे आहे आणि त्यांपैकी कोणते राज्य वेगळी सही मागते, हे सल्लागाराला पहिल्याच मेलमध्ये विचारून घ्यावे. पुढचे विवेचन मुख्यतः फॉर्म ८८७९ आणि १०४०-एनआर यांबद्दल आहे. राज्यांचे कागद साधारण त्याच धर्तीचे असतात.

दुसरी पायरी : आपल्याला हा फॉर्म लागतो का, ते पाहावे

फॉर्म ८८७९ तेव्हाच लागतो, जेव्हा रिटर्न दुसरा कोणी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवणार असतो. अशा अधिकृत प्रेषकाला आयआरएसच्या भाषेत इलेक्ट्रॉनिक रिटर्न ओरिजिनेटर म्हणतात. व्यवहारात सगळे ईआरओ म्हणतात. आपला सीपीए (परवानाधारक हिशेबनीस) किंवा त्याची संस्था हीच बहुधा ईआरओ असते. अनिवासींसाठी केलेल्या सॉफ्टवेअरवर आपण स्वतःच रिटर्न भरून स्वतःच पाठवणार असलो, तर आपण आपला पाच अंकी पिन थेट टाकतो आणि आपली ओळख पटवण्यासाठी गेल्या वर्षीच्या रिटर्नवरचे समायोजित सकल उत्पन्न (काही ठरावीक वजावटी काढल्यानंतरचे एकूण उत्पन्न) किंवा गेल्या वर्षीचा पिन देतो. पहिल्यांदाच रिटर्न भरणाऱ्या सोळा वर्षांवरील माणसाने त्या उत्पन्नाच्या जागी शून्य लिहायचे असते. या मार्गात ८८७९ येत नाही.

काही वेळा ई-सहीचा प्रश्नच उद्भवत नाही. सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही म्हणून रिटर्नबरोबर डब्ल्यू-७ हा अर्ज जोडून आयटिन (त्याऐवजी चालणारा करदाता क्रमांक) मागायचा असेल, तर ते रिटर्न कागदावरच जाते आणि त्यावर पेनाने सही करावी लागते. उत्पन्न काहीच नसलेल्या विद्यार्थ्याला फक्त, आपले अमेरिकेतले दिवस मोजू नयेत हे सांगणारा फॉर्म ८८४३ द्यायचा असतो. तोही एकटा असेल तर ई-फाइल होत नाही, छापून, सही करून टपालाने पाठवावा लागतो.

भारतातून आलेल्या माणसाने आणखी एक सवय इथे सोडावी. भारतात आपण आयकर विवरणपत्र आधी दाखल करतो आणि नंतर ३० दिवसांच्या आत आधारच्या ओटीपीने ते पडताळतो. अमेरिकेत क्रम उलटा आहे. इथे सही आधी होते आणि रिटर्न नंतर जाते; सही झालेला ८८७९ हाती नसताना ईआरओने रिटर्न पाठवणे नियमबाह्य आहे. त्यामुळे ‘रिटर्न पाठवून दिले आहे, सवडीने सही करा’ असे कोणी म्हणाले, तर तिथेच थांबावे.

तिसरी पायरी : आधी रिटर्न मागावे, मग फॉर्म वाचावा

पुष्कळदा दुव्यात एकटा ८८७९ येतो, पूर्ण रिटर्न येत नाही. अशा वेळी सही करू नये. फॉर्मवरच्या प्रतिज्ञेत ‘मी रिटर्नची प्रत तपासली आहे’ हे पहिलेच म्हणणे आहे. जे पाहिलेच नाही ते तपासले असे लिहून देण्यात अर्थ नाही. कोऱ्या फॉर्मवर तर सही कधीच करू नये, सल्लागार कितीही ओळखीचा असला तरी.

फॉर्मच्या पहिल्या भागात पाच ओळी असतात आणि त्यांत पूर्ण डॉलरचे आकडे असतात : समायोजित सकल उत्पन्न, एकूण कर, डब्ल्यू-२ (पगाराचा दाखला) आणि १०९९ (इतर मिळकतीचा दाखला) यांवरून कापलेला केंद्रीय आयकर, परत मिळणारी रक्कम आणि भरायची रक्कम. २०२४ सालच्या १०४०-एनआरवर उत्पन्न ११ व्या ओळीत, एकूण कर २४ व्या ओळीत, कापलेला कर २५ व्या ओळीच्या उपओळींत, परतावा ३५ व्या आणि देय रक्कम ३७ व्या ओळीत आहे. ८८७९ एका खिडकीत आणि रिटर्न दुसऱ्या खिडकीत उघडून हे आकडे एकेक करून जुळवावेत. याला पाच मिनिटे पुरतात.

उदाहरण घेऊन पाहू. समजा, पुण्याहून टेक्सासमधल्या विद्यापीठात आलेल्या, अविवाहित विद्यार्थ्याला २०२४ मध्ये विद्यापीठातल्या कामाचे १८,४०० डॉलर मिळाले आणि डब्ल्यू-२ वर कापलेला आयकर १,११० डॉलर दिसतो. टेक्सासमध्ये व्यक्तीच्या उत्पन्नावर राज्याचा कर नाही, म्हणून प्रश्न केंद्रीय रिटर्नचाच उरतो. भारत आणि अमेरिका यांच्यातल्या करकराराच्या २१ व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट घेता येते. इतर बहुतेक देशांच्या अनिवासींना ती मिळत नाही, आणि म्हणूनच १०४०-एनआरच्या १२ व्या ओळीत भारताचा उल्लेख नावानिशी छापलेला आहे. २०२४ साठी ही वजावट १४,६०० डॉलर होती. ती वजा केली की ३,८०० डॉलर उरतात, करतक्त्याप्रमाणे त्यांवर ३८३ डॉलर कर बसतो, आणि कापलेल्या १,११० मधून ७२७ डॉलर परत मिळायला हवेत. म्हणजे ८८७९ वर अनुक्रमे १८,४००, ३८३, १,११० आणि ७२७ हे आकडे दिसले पाहिजेत आणि पाचवी ओळ रिकामी असली पाहिजे.

आता समजा सल्लागाराला करार लक्षात आला नाही आणि १२ वी ओळ रिकामी राहिली. मग कर १,९७९ डॉलर होतो, चौथ्या ओळीतला परतावा नाहीसा होतो आणि पाचव्या ओळीत ८६९ डॉलर भरायचे म्हणून दिसतात. एका ओळीच्या विसराने सुमारे सोळाशे डॉलरचा फरक पडतो आणि तो ८८७९ च्या त्या पाच ओळींत उघड दिसतो. पाहणाऱ्याने पाहिला तरच, अर्थात.

मात्र हे पाच आकडे जुळले म्हणजे सगळे बरोबर झाले, असेही नाही; आणि माझ्या मते नवख्यांना सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट हीच आहे. वरच्याच विद्यार्थ्याचे रिटर्न चुकून १०४०-एनआरऐवजी निवासींच्या साध्या १०४० वर भरले गेले, तर तिथेही प्रमाणित वजावट १४,६०० डॉलरच असते, करही तोच येतो आणि ८८७९ वरचे पाचही आकडे अगदी हुबेहूब राहतात. ८८७९ हा एकच फॉर्म १०४० आणि १०४०-एनआर या दोन्हींसाठी वापरला जात असल्यामुळे त्याच्याकडे पाहून चूक कळत नाही. ती फक्त रिटर्नच्या पहिल्या पानावर, डोक्यावर छापलेल्या फॉर्मच्या नावात दिसते. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने मला सही करण्यापूर्वी सहज म्हणून तिचे रिटर्न दाखवले, तेव्हा नेमके हेच झालेले होते. परतावा अपेक्षेइतकाच होता, म्हणून तिला शंका आली नव्हती. पाठवणाऱ्याने कसलीही खळखळ न करता दुसऱ्या दिवशी ते नव्याने तयार करून दिले. सही होऊन रिटर्न गेले असते, तर दुरुस्तीचे रिटर्न भरण्याचा व्याप तिच्या वाट्याला आला असता.

८८७९ वर न दिसणाऱ्या आणखी काही गोष्टी आहेत. परतावा कोणत्या बँक खात्यात जाणार, हे ८८७९ सांगत नाही. खात्याचा क्रमांक रिटर्नच्या ३५ व्या ओळीच्या उपओळींत असतो आणि तो आकडा आकड्याशी ताडून पाहावा. शेअरवरच्या लाभांशासारखे उत्पन्न वेगळ्या शेड्यूलवर (रिटर्नच्या पुरवणी पानावर), भारतीय रहिवाशाला करारानुसार साधारणपणे २५ टक्के दराने करपात्र असते. ते समायोजित सकल उत्पन्नात मिळवले जात नाही, पण त्याचा कर एकूण करात येतो. त्यामुळे पहिल्या ओळीतला आकडा आपल्या सगळ्या मिळकतीपेक्षा कमी दिसला तर लगेच चूक समजू नये, कारण विचारावे. तसेच फेलोशिपवर कापलेला कर फॉर्म १०४२-एस वर येतो आणि १०४०-एनआरवर तो २५ व्या ओळीत स्वतंत्र उपओळीत लिहिला जातो. ८८७९ च्या तिसऱ्या ओळीत डब्ल्यू-२ आणि १०९९ चाच उल्लेख आहे, म्हणून तिथे तो न दिसण्याची शक्यता असते. रिटर्नमध्ये मात्र तो दिसलाच पाहिजे.

शेवटी शेड्यूल ओआय हे पान उघडावे. त्यावर आपला व्हिसा, अमेरिकेत येण्या-जाण्याच्या तारखा आणि गेल्या तीन वर्षांतले दिवस लिहिलेले असतात. ही माहिती सल्लागाराला आपल्याखेरीज कोणी देऊ शकत नाही, त्यामुळे गाळलेले वा अंदाजाने भरलेले आकडे इथेच सापडतात. पासपोर्टवरचे शिक्के आणि आय-९४ (अमेरिकेत येण्या-जाण्याची सरकारी नोंद) चा प्रवास-इतिहास पुढ्यात ठेवून त्या तारखा तपासाव्यात. सही या पानालाही लागू होते.

चौथी पायरी : दुसरा भाग भरावा आणि पिन निवडावा

दुसऱ्या भागात प्रतिज्ञेखाली दोन पर्याय असतात. पहिल्यात अमुक संस्थेने माझा पिन टाकावा किंवा तयार करावा, असा अधिकार आपण देतो. दुसऱ्यात पिन मी स्वतः टाकीन, असे म्हणतो. दूरवरून काम करणाऱ्या सल्लागारांकडे बहुधा पहिला पर्याय खूण करून आलेला असतो. त्यात काही गैर नाही, पण तिथे छापलेले संस्थेचे नाव आपण ज्यांना काम दिले त्यांचेच आहे का, एवढे पाहावे.

पिन पाच अंकी असतो आणि सगळी शून्ये चालत नाहीत. हा आपल्या सहीचा पर्याय आहे. जन्मवर्ष, घरक्रमांक किंवा एटीएमचा पिन यांवरून तो बेतू नये. याच्याशी आणखी दोन क्रमांकांची गल्लत होते. आयआरएस ओळखचोरीपासून संरक्षण म्हणून देते तो आयपी पिन सहा अंकी असतो, दर वर्षी बदलतो आणि आपल्याकडे असेल तर रिटर्नमध्ये द्यावाच लागतो. गेल्या वर्षीचा आयपी पिन यंदा चालत नाही. तिसऱ्या भागातला अकरा अंकी क्रमांक ईआरओचा असतो, त्यातले पहिले सहा अंक म्हणजे त्याचा ईफिन, ई-फाइलसाठी आयआरएसने त्याला दिलेला क्रमांक. तिथे आपण काही लिहायचे नसते.

जोडीदाराची सहीची जागाही फॉर्मवर दिसते आणि विवाहित लोक विचारात पडतात. १०४०-एनआरवर पती-पत्नीचे संयुक्त रिटर्न भरताच येत नाही, म्हणून ती जागा रिकामी राहते. दोघांपैकी एक निवासी असून दुसऱ्यालाही निवासी मानावे असा पर्याय त्यांनी घेतला असेल, तर रिटर्न १०४० वर जाते. मग मात्र दोघांच्या सह्या, दोघांचे पिन आणि त्या निवडीचे दोघांनी सही केलेले निवेदन, हे सगळे लागते. नवऱ्याने बायकोचे नाव टाइप करून टाकणे, किंवा बायकोने नवऱ्याचे, ही आपल्याकडे सर्रास चालणारी गोष्ट इथे चालत नाही.

रिटर्नमध्ये कर भरायचा असून तो खात्यातून परस्पर वळता करण्याचा पर्याय निवडला असेल, तर ८८७९ वरच्या सहीने त्यालाही संमती मिळते. ती रद्द करायची झाल्यास फॉर्मवर छापलेल्या दूरध्वनी क्रमांकावर, पैसे वळते होण्याच्या तारखेपूर्वी निदान दोन कामकाजाचे दिवस आधी, कळवावे लागते.

पाचवी पायरी : ओळख पटवणे, आणि ती पटली नाही तर

दूरवरून ई-सही घेताना ईआरओने आपली ओळख तपासणे बंधनकारक आहे. नाव, सोशल सिक्युरिटी क्रमांक, पत्ता आणि जन्मतारीख घेऊन ते पतनोंदी ठेवणाऱ्या संस्थांच्या किंवा तशा माहितीसाठ्यांशी ताडले जातात. पडद्यावर प्रश्न येतात : यांपैकी कोणत्या पत्त्यावर तुम्ही राहत होता, यांपैकी कोणत्या कंपनीकडून तुम्ही गाडीसाठी कर्ज घेतले होते. या तपासणीने पतगुणांक कमी होत नाही.

अडचण अशी, की आठ महिन्यांपूर्वी नागपूरहून आलेल्या विद्यार्थ्याची इथे पतनोंदच नसते. गाडी नाही, कर्ज नाही, क्रेडिट कार्ड जेमतेम महिन्याभराचे. मग प्रश्नच तयार होत नाहीत, किंवा त्याच्याशी संबंध नसलेले पत्ते येतात आणि ‘यांपैकी एकही नाही’ असे खरे उत्तर देऊनही तपासणी नापास होते. तीन प्रयत्न फसले की ईआरओला ई-सही घेता येत नाही. या टप्प्यावर मुले घाबरतात, आपल्या नावावर काही डाग लागला की काय असे त्यांना वाटते. तसे काहीही झालेले नसते.

अशा वेळचा मार्ग साधा आहे आणि तो सगळ्यांना ठाऊक असायला हवा. ८८७९ छापावा, पेनाने सही करावी, तारीख घालावी, स्कॅन करावा आणि ईआरओला मेलने, फॅक्सने, त्याच्या संकेतस्थळावरून किंवा टपालाने पाठवावा. हाताने केलेली सही अशा रीतीने पोहोचवली तर तिला ई-सहीची ओळख-तपासणी लागू होत नाही, आणि रिटर्न त्यानंतर इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच जाते. म्हणजे सुट्टीत नाशिकला घरी गेलेला विद्यार्थीसुद्धा जवळच्या दुकानात फॉर्म छापून तासाभरात हे काम उरकू शकतो. मेलने पाठवताना फाइलला पासवर्ड लावावा आणि तो पासवर्ड वेगळ्या संदेशाने कळवावा. मी स्वतः तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रश्नोत्तरांच्या फंदात न पडता थेट पेनाची सहीच सुचवते. सल्लागाराला समक्ष भेटणे शक्य असेल, तर त्याने आपले सरकारी छायाचित्र-ओळखपत्र पाहिले की ओळखीचे काम भागते.

सही झाल्यावर आकडे बदलले तर

सही केल्यानंतर एखादा विसरलेला १०९९ सापडतो आणि रिटर्न बदलावे लागते. प्रत्येक बदलासाठी नवी सही लागत नाही. एकूण उत्पन्न किंवा समायोजित सकल उत्पन्न ५० डॉलरपेक्षा जास्त बदलले, अथवा एकूण कर, कापलेला कर, परतावा किंवा देय रक्कम १४ डॉलरपेक्षा जास्त बदलली, तर मात्र नवा ८८७९ काढून त्यावर नव्याने सही घ्यावीच लागते. जुन्या सहीवर नवे आकडे गेल्याचे दिसले, तर लेखी विचारणा करावी.

भारतात परतलेल्यांसाठी, आणि भारतातून काम करणाऱ्या सल्लागारांबद्दल

८८७९ हे कुलमुखत्यारपत्र नाही. त्याने आपण आपली सही पोहोचवण्याचा अधिकार देतो, आपल्या वतीने सही करण्याचा देत नाही. आपल्यासाठी दुसऱ्याने सही करायची असेल तर फॉर्म २८४८ लागतो, आणि तेही मोजक्याच कारणांसाठी चालते : आजार किंवा दुखापत, रिटर्नच्या मुदतीआधी सलग निदान ६० दिवस अमेरिकेबाहेर असणे, किंवा आयआरएसची खास परवानगी. कायमचा पुण्याला परतलेला मनुष्य दुसऱ्या कारणात बसू शकतो. पण ८८७९ वर सही करून तो मेलने पाठवणे शक्य असताना या वाटेने जाण्याची गरज क्वचितच पडते.

अनेक संस्था अमेरिकेत नोंदलेल्या असतात आणि रिटर्न मात्र भारतातल्या कार्यालयात तयार होते. अमेरिकेबाहेरच्या तयार करणाऱ्याकडे आपली करमाहिती देण्यापूर्वी आपली लेखी संमती घेणे कायद्याने आवश्यक आहे, आणि त्या संमतीपत्राचा मजकूरही ठरवून दिलेला आहे. हे पत्र ८८७९ बरोबर एकाच गठ्ठ्यात सहीसाठी येते आणि लोक त्यालाही सहीचा भाग समजून पुढे जातात. ते वेगळे आहे; माहिती कोणाकडे आणि कशासाठी जाणार हे त्यात वाचावे, आणि पटले नाही तर सही न करण्याचा हक्क आपल्याला आहे. संमतीत मुदत लिहिलेली नसेल तर ती एक वर्ष चालते. रिटर्नच्या शेवटी पैसे घेऊन ते तयार करणाऱ्याचे नाव आणि पीटिन (रिटर्न तयार करणाऱ्याला आयआरएस देते तो ओळखक्रमांक) असायलाच हवेत. ती जागा कोरी ठेवून रिटर्न ‘स्वतः भरलेले’ म्हणून पाठवणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये.

सही पोहोचल्यानंतर

पगार आणि त्यावर कर-कपात असलेल्या अनिवासीची मुदत १५ एप्रिल, आणि असा पगार नसलेल्याची १५ जून असते. सही वेळेत पोहोचली एवढ्यावर निर्धास्त राहू नये. रिटर्न आयआरएसने स्वीकारले की नाही, हे विचारावे. ते बहुधा एक-दोन दिवसांत कळते. नाकारले गेले तर कारण सांगणे ईआरओचे काम आहे, आणि नाकारल्यापासून पाच दिवसांत दुरुस्त करून पुन्हा ई-फाइल केले तर ते वेळेत धरले जाते. पाचव्या दिवशी सल्लागाराचा मेल उघडणाऱ्यांची मला फार काळजी वाटते.

सही केलेला ८८७९ आयआरएसकडे जात नाही. आयआरएसने मागितल्याखेरीज तो पाठवायचा नसतो. ईआरओने तो रिटर्नच्या मुदतीपासून किंवा आयआरएसला रिटर्न मिळाल्यापासून, यांपैकी जे नंतरचे असेल त्यापासून, तीन वर्षे जपून ठेवायचा असतो. आपणही सही केलेला ८८७९, पूर्ण रिटर्न, स्वीकृतीची पावती आणि डब्ल्यू-२ किंवा १०४२-एस हे सगळे एकाच फोल्डरमध्ये, वर्षाचे नाव घालून ठेवावे. पुढच्या वर्षी रिटर्न स्वतः भरायचे ठरवले, तर सॉफ्टवेअर ओळख पटवण्यासाठी जो गेल्या वर्षीचा आकडा मागते, तो याच ८८७९ च्या पहिल्या ओळीत लिहिलेला असतो.